बीड कापायचं नसतं

नागदेवी स्ट्रीटला पोचले तेव्हा साडेअकरा.
हुनेदशेठ पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले.
म्हणाले, काय कापायचंय ते आधी दाखवा बाई,
हत्यार मागून निघतं.

मी पिशवी उपडी केली काउंटरवर:
पलंगाच्या पाइपाचं टोक,
फ्रिजच्या पाठीची जाळी,
नळाची पितळी मान,
शिलाई मशीनच्या पायाचा काळा तुकडा.
कनवटीचं चुंबक तेवढं काढलं नाही,
ते मी कुणाच्या हातात देत नाही.

शेठनी काळा तुकडा उचलला.
"हे बीड. बीड कापायचं नसतं.
घणाचा एकच घाव, जागा बघून,
आपसूक फुटतं."
मी हसले. म्हटलं, शेठ, मी बीडचीच,
केजच्या पुढे आमचं गाव.
ते हसले नाहीत. तुकडा उलटा करून
त्याचं करडं, दाणेदार पोट बघत राहिले.

मग पात्यांची पुडी सोडली.
इंचाला अठरा दात, जाड सळईला.
पातळ पाइपाला बत्तीस,
नाहीतर दात अडकतो आणि मोडतो.
मधलं चोवीसचं, अडीनडीला.
"एका वेळी तीन दात तरी टेकले पाहिजेत लोखंडावर.
एका दातावर कुणाचा संसार चालत नाही."

ग्राइंडर मी मागितलाच नव्हता.
त्यांनीच आणून ठेवला समोर,
चार इंची, हिरवा.
उचलला. दोन किलोला थोडा कमी,
माझं मनगट काट्यापेक्षा खरं बोलतं.
पलंग पाच मिनिटांत, मनात आलं.

पण मंडाळ्यात माझ्या पत्र्याला लागून
रेहमतचं फोमचं गोदाम,
पलीकडे थिनरचे रिकामे डबे,
जे कधीच पुरते रिकामे नसतात.
ठिणगीला शेजारधर्म कळत नाही.

आणि झुंबर. माझा धाकटा.
मध्ये येतो म्हणून गार्ड काढून फेकला
आणि टवका गेलेली चकती लावली,
अजून दोन कपाटं निघतील म्हणून.
आता तो मान जरा वळवून बघतो सगळ्यांकडे.
फोटो काढताना तर जास्तच.

गॅस कटर शेठनी काढलासुद्धा नाही.
तो दारूखान्यातल्यांनी घ्यावा,
त्यांच्यापुढे जहाज उभं असतं.
माझ्यापुढे पलंग, फार तर कपाट,
आणि त्याला करवतीआधी पाना लागतो.
रात्री बोल्टांवर डिझेल सोडते,
सकाळी अर्धे निमूट फिरतात.
उरलेल्या अर्ध्यांसाठी इथवर आले.

करवतीची फ्रेम घेतली, पातं ताणून धरणारी,
चोवीसची दहा पाती, बत्तीसची चार,
छन्नी, पत्र्याची कात्री.
बोल्ट कटर राहिला, पैसे तिथंच संपले.
चष्मा शेठ फुकट देत होते,
मी चाळीस रुपये मोजून घेतला.
फुकटचा चष्मा खुंटीवर राहतो.

संध्याकाळी पलंगाचा पाय शिकंज्यात धरला.
पुढे जाताना जोर,
मागे येताना नुसती सोबत.
खाली पेपर. त्यावर कीस.
पाइप झाला की पितळी मान घेतली,
तिचाही कीस त्यातच पडू दिला.
मग चुंबक फिरवलं. लोखंड दाढीसारखं चिकटून उठलं,
पेपरावर पितळ उरलं, चिमूटभर, पिवळं.
ग्राइंडरनं ते उडवलं असतं
रेहमतच्या फोमात.
मी ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरते.
बाटलीचा तळ अजून दिसतो.

एका पलंगाला पाऊण तास.
तिसऱ्याला खांदा नाही म्हणतो.
पाती संपली की परत जाईन नागदेवीला.
हिरवा ग्राइंडर तिथंच असेल.
भाव विचारीन.
उचलून बघीन.
ठेवीन.